डॉ. ल्यूसी विल्स

सातारा जिल्ह्यातील जावळी व पाटण, तसेच आज सांगली जिल्ह्यात मोडणारा पण त्या काळी साताऱ्याचाच भाग असलेला शिराळा, या डोंगराळ मुलखांतून एके काळी असंख्य माणसे पोटापाण्यासाठी मुंबईची वाट धरीत. शेत थोडे, पाऊस लहरी आणि खाणारी तोंडे पुष्कळ. मग घरातील एखादा धडधाकट पुरुष खांद्यावर घोंगडी टाकून निघे आणि परळ, लालबाग, शिवडी येथील कापडगिरण्यांत कामाला लागे. कोकणातूनही अशीच माणसे येत. पुढे कित्येकांच्या बायका-मुलेही मुंबईस येऊन राहत. चाळीतील एका अंधाऱ्या खोलीत सारा संसार मांडलेला असे. भोंगा वाजला की पुरुष गिरणीत जात. पुष्कळ स्त्रियाही सूत गुंडाळण्याच्या खात्यात दिवसभर उभ्या राहत. गावी असताना बांधावरची चार पाने खुडून भाजी करता येई. मुंबईत कोथिंबिरीच्या काडीलाही पैसा मोजावा लागे.

या गिरण्यांच्या गराड्यात परळ येथे एक प्रशस्त, जुनी वास्तू होती. गिरण्या आज उरल्या नाहीत, वास्तू मात्र अजून उभी आहे. पूर्वी ती मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान होती. प्लेगवरील लस तयार करणारे डॉ. वाल्देमार हाफकीन यांची प्रयोगशाळा १८९९ साली तेथे आली आणि १९२५ मध्ये त्या संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले. या हाफकीन संस्थेत १९२८ साली इंग्लंडहून चाळीस वर्षांच्या एक डॉक्टरीणबाई येऊन दाखल झाल्या. त्यांचे नाव ल्यूसी विल्स. मुंबईच्या गरीब स्त्रिया बाळंतपणाच्या आधीच रक्त आटून का मरतात, या प्रश्नाचा त्यांना शोध घ्यावयाचा होता.

ल्यूसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराजवळ सटन कोल्डफील्ड या गावी झाला. त्यांच्या घराण्याचा विळे, कोयते यांसारखी धारेची हत्यारे बनविण्याचा कारखाना होता. घरात लक्ष्मी होती आणि विद्येचीही आवड होती. वडील विज्ञानाचे पदवीधर होते, तर आईचे वडील बर्मिंगहॅममधील नामांकित डॉक्टर होते. बार्न्ट ग्रीन येथील त्यांच्या घराभोवती मोठी बाग होती आणि घरातील मुले झाडे, दगड, कीटक यांचे निरीक्षण करीत वाढली. ल्यूसीचे बंधू लेनर्ड हे पुढे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक झाले.

चेल्टनहॅम येथील मुलींच्या प्रसिद्ध विद्यालयातून ल्यूसी केंब्रिज विद्यापीठाच्या न्यूनहॅम या महिला महाविद्यालयात गेल्या. वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे विषय त्यांनी निवडले. लक्षावधी वर्षांपूर्वी दगडात दबून राहिलेल्या पानांच्या ठशांचा अभ्यास करणारे प्राध्यापक सीवर्ड हे त्यांचे आवडते गुरू होते. १९११ साली त्यांनी शेवटची परीक्षा दिली, त्या उत्तीर्णही झाल्या. परंतु पदवी काही त्यांना मिळाली नाही. स्त्रियांनी शिकावे, परीक्षाही द्यावी, मात्र पदवी मागू नये, असा केंब्रिजचा त्या वेळचा विलक्षण न्याय होता. तो १९४८ साली बदलला.

त्याच वर्षी त्यांचे वडील वारले. दोन वर्षांनी ईडिथ ही बहीणही अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेली. पुढे काय करावे हे ल्यूसींना सुचेना. त्या आईबरोबर सिलोनला जाऊन आल्या. १९१४ साली धाकटा भाऊ गॉर्डन याच्यासह त्या दक्षिण आफ्रिकेत असतानाच पहिले महायुद्ध पेटले. भाऊ सैन्यात भरती झाला. ल्यूसी केपटाउनच्या एका इस्पितळात स्वयंसेविका म्हणून जखमींची शुश्रूषा करू लागल्या. तेथेच त्यांच्या आयुष्याला दिशा सापडली असावी. कारण इंग्लंडला परतताच, जानेवारी १९१५ मध्ये, त्यांनी लंडनच्या महिला वैद्यकीय विद्यालयात नाव घातले.

या विद्यालयाशी महाराष्ट्राचे जुने नाते आहे. डॉ. रखमाबाई यांनी येथेच वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या. हिंदुस्थानात पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे येत नसत, म्हणून तेथे जाऊन काम करणाऱ्या स्त्री-डॉक्टर तयार करणे, हा या विद्यालयाच्या अनेक उद्देशांपैकी एक होता. विल्सबाई १९२० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, डॉक्टर झाल्या. रोग्यांवर उपचार करून पैसा मिळविण्याकडे त्यांचा ओढा नव्हता. लंडनच्या रॉयल फ्री इस्पितळाच्या प्रयोगशाळेत त्या संशोधन करू लागल्या. गरोदर स्त्रीच्या शरीरात कोणते बदल घडतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

इकडे हिंदुस्थानात डॉ. मार्गारेट बाल्फोर या अनुभवी डॉक्टरीणबाई बाळंतिणींच्या मृत्यूंची चौकशी करीत होत्या. या मृत्यूंच्या अनेक कारणांत एका विचित्र रक्तक्षयाचा भाग मोठा आहे, असे दिसत होते. या कामी रक्ताची परीक्षा करणारे जाणते माणूस हवे होते. बाल्फोरबाईंनी विल्सबाईंना बोलावले आणि त्या आल्या.

हा रक्तक्षय विचित्र का, हे समजण्यासाठी आपल्या रक्ताची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. रक्ताला तांबडा रंग येतो तो त्यातील तांबड्या पेशींमुळे. या पेशी फुफ्फुसांतून प्राणवायू घेतात आणि अंगाच्या कानाकोपऱ्यांत नेऊन पोचवितात. निरोगी स्त्रीच्या रक्तात, एका घन मिलिमीटरमध्ये, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान थेंबात, अशा सुमारे ४५ लाख पेशी असतात. एक पेशी सुमारे १२० दिवस जगते. जुन्या पेशी रोज नाहीशा होतात आणि त्यांची जागा घेण्यासाठी हाडांच्या पोकळीतील मज्जेत दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या पेशी जन्मास येतात. या पेशी पुरेशा तयार झाल्या नाहीत म्हणजे माणूस फिकट पडतो, चार पायऱ्या चढताच त्याला धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते. जुने वैद्य याला पांडुरोग म्हणत.

सर्वसाधारण रक्तक्षय होतो तो लोहाच्या अभावी. अशा रोग्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिला तर पेशी लहान आणि निस्तेज दिसतात. पण मुंबईच्या या गरोदर स्त्रियांच्या रक्तात नेमके उलटे दिसे. पेशींची संख्या वीस लाखांच्याही खाली उतरलेली असे. परंतु उरलेल्या पेशी आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या असत. पेशी मोठ्या, आणि तरीही रक्त दुबळे, असे ते कोडे होते.

या कोड्याचा उलगडा आज झाला आहे. मज्जेतील प्रत्येक पेशी आधी वाढते आणि मग दुभंगून तिच्या दोन पेशी होतात. दुभंगण्यापूर्वी तिला आपल्यातील आनुवंशिक द्रव्याची दुसरी प्रत तयार करावी लागते. त्यासाठी लागणारा एक अन्नघटक मिळाला नाही, तर पेशी वाढतच राहते, पण वेळेवर दुभंगत नाही. परातीत दहा भाकरींचे पीठ मळलेले आहे, पण त्याचे नीट दहा गोळे न करता चारच मोठे गोळे थापले, तर काय होईल? भाकरी जाड होतील, आतून कच्च्या राहतील आणि दहा माणसांना चारच भाकरी पुरवाव्या लागतील. मज्जेत असेच घडते. पुष्कळशा कच्च्या पेशी तर मज्जेतच नाश पावतात, रक्तापर्यंत पोचतही नाहीत. गरोदर स्त्रीच्या पोटात बाळ वाढत असते. त्याच्या पेशी सतत दुभंगत असतात. त्यामुळे हा अन्नघटक तिला इतरांपेक्षा अधिक लागतो. तिचेच ताट रिकामे असले म्हणजे दोन जीवांवर एकदम संकट येते.

१९२८ साली यांतले काहीही ठाऊक नव्हते. विल्सबाईंच्या हाती होते ते सूक्ष्मदर्शक यंत्र, रक्ताच्या पेशी मोजण्याची काच आणि निरीक्षणाची सवय.

रोगजंतूंमुळे हा रोग होत असेल काय, याचा त्यांनी प्रथम शोध घेतला. पण कारण त्यात सापडेना. तेव्हा त्या रोगी स्त्रियांच्या घराकडे वळल्या. मुंबईतील निरनिराळ्या थरांतील स्त्रिया राहतात कशा, खातात काय, त्यांच्या खोलीत उजेड व वारा किती, याची पाहणी त्यांनी तळपदे या सहकाऱ्याच्या साहाय्याने केली आणि १९३० साली ती प्रसिद्ध केली. आजाराचे मूळ चुलीपाशी शोधावे, हे आज आपल्याला साधे वाटते. परंतु मोठमोठ्या डॉक्टरांची नजर त्या काळी औषधाच्या बाटलीपलीकडे सहसा जात नसे. या पाहणीत एक गोष्ट ठळकपणे दिसली. ज्या घरांत भाजीपाला, दूध, फळे जवळजवळ येतच नव्हती, त्या घरांतील स्त्रियांना हा रोग अधिक होई. पडद्यात राहणाऱ्या गरीब मुसलमान स्त्रियांचा आहार सर्वांत निकृष्ट होता आणि त्यांच्यातच या रोगाचे प्रमाण सर्वांत मोठे होते. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांतही तो आढळे. सुखवस्तू घरांतील स्त्रियांना मात्र तो क्वचित होई.

तेव्हा दोष अन्नात आहे. पण अन्नातील कशाचा? विल्सबाईंनी काही रोग्यांना त्या वेळी माहीत असलेली अ आणि क ही जीवनसत्त्वे देऊन पाहिली. उपयोग झाला नाही.

१९२९ च्या उन्हाळ्यात त्या निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथे गेल्या. तेथे पाश्चर संस्थेत रॉबर्ट मॅकॅरिसन हे आहारशास्त्राचे मोठे संशोधक काम करीत होते. विल्सबाईंनी पांढऱ्या उंदरांना मुंबईच्या गरीब स्त्रियांसारखेच अन्न दिले. उंदरांना रक्तक्षय झाला. गाभण माद्या तर पिले होण्याआधीच मेल्या. दुसऱ्या काही उंदरांच्या खाण्यात किण्व मिसळले, तेव्हा ते बचावले. किण्व म्हणजे ज्याला आपण यीस्ट म्हणतो ते. पाव फुगतो तो त्याच्यामुळे, आणि सांगली-साताऱ्याकडे साखर कारखान्यांतील मळीपासून मद्यार्क बनवितात तोही त्याच्याच साहाय्याने.

उत्तर मिळाले, असे म्हणून कोणीही येथे थांबला असता. परंतु या उंदरांच्या अंगावर उवा होत्या आणि त्या उवांमुळे होणाऱ्या एका संसर्गानेही रक्त कमी होऊ शकते, हे ध्यानात आले. म्हणजे उंदरांचा रक्तक्षय अन्नामुळे की उवांमुळे, हे खात्रीने सांगता येईना. विल्सबाईंनी हा संशय झाकून ठेवला नाही. त्यांनी तोच प्रयोग पुन्हा, या वेळी माकडांवर, केला. निकृष्ट अन्नावर ठेवलेल्या माकडांनाही तसाच मोठ्या पेशींचा रक्तक्षय झाला. मुंबईतील बिलिमोरिया हे नाव त्यांच्या जोडीने या प्रयोगाच्या वृत्तान्तावर आढळते. तो १९३२ साली प्रसिद्ध झाला.

याच सुमारास वैद्यकात एका नव्या उपायाचा बोलबाला होता. १९२६ साली अमेरिकेत बॉस्टन येथे मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी दाखवून दिले होते की, मोठ्या पेशींचा एक प्राणघातक रक्तक्षय रोग्याला रोज भरपूर यकृत, म्हणजे बकऱ्यासारख्या प्राण्याची कलेजी, खाऊ घातल्याने आटोक्यात येतो. या शोधाबद्दल त्यांना व व्हिपल यांना १९३४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईतील रोगी स्त्रियांनाही यकृताचा अर्क दिला असता गुण येई. पण तो अर्क महाग. मोठे कुटुंब पोसणाऱ्या गिरणी कामगाराला तो परवडावा कसा? शिवाय ज्यांच्या घरी मांस शिजत नाही, अशा कित्येक स्त्रिया यकृत घेण्यास तयार होत नसत. औषध आहे, आणि तरीही रोगी मरतो आहे, अशी ही स्थिती होती.

माकडांवरील आणि उंदरांवरील अनुभवावरून विल्सबाईंनी किण्वाचा अर्क माणसांना देण्याचे ठरविले. इंग्लंडमध्ये मद्याच्या कारखान्यांत उरलेल्या किण्वापासून मार्माइट नावाचा एक काळसर, खारट, दाट पदार्थ तयार होई. गरीब लोक तो पावाला लावून खात. त्याची किंमत अगदी थोडी होती. प्रतिष्ठित औषधालयात त्याला कोणी औषध म्हटले नसते. विल्सबाईंनी तो रोगी स्त्रियांना दिवसातून काही वेळा थोडाथोडा देण्यास सुरुवात केली.

परिणाम काही दिवसांतच दिसू लागला. रोज घेतलेल्या रक्ताच्या थेंबात ताज्या, नव्या पेशींची संख्या झपाट्याने वाढू लागली. ज्यांना कूस बदलण्याचेही त्राण नव्हते, त्या स्त्रिया उठून बसू लागल्या, जेवण मागू लागल्या. हा अनुभव एकीचा नव्हता. अनेक स्त्रियांत तो आला. १९३१ साली विल्सबाईंनी इंग्लंडमधील नामांकित वैद्यकीय नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षाच्या प्रारंभी त्यांनी मद्रास येथील स्त्रियांच्या इस्पितळातही काम केले होते.

आता खरा प्रश्न उरला. किण्वात असे काय होते? बॉस्टनच्या डॉक्टरांनी यकृतात शोधलेले द्रव्य आणि मुंबईत किण्वातून गुण देणारे द्रव्य एकच की निराळे? पुष्कळांना ते एकच वाटत असे. विल्सबाईंना तसे वाटेना. बॉस्टनच्या रोग्यांच्या जठरात आम्ल तयार होत नसे. मुंबईच्या स्त्रियांच्या जठरात ते व्यवस्थित तयार होत होते. मग रोग एकच कसा?

पुढे एक मोठा पुरावा हाती आला. औषधे तयार करणारे लोक यकृताचा अर्क अधिकाधिक शुद्ध करू लागले होते. हा शुद्ध अर्क बॉस्टनच्या प्रकारच्या रोग्यांना उत्तम लागू पडे. पण विल्सबाईंच्या माकडांना आणि रोगी स्त्रियांना तो लागू पडेना. त्यांना जुना, अशुद्ध अर्कच उपयोगी पडे. हे कसे, ते उसाच्या उदाहरणाने समजेल. कऱ्हाड-सांगलीकडे एकाच रसापासून गूळही होतो आणि साखरही होते. साखर करताना रसातील मळी वेगळी काढून टाकतात, म्हणून ती पांढरीशुभ्र होते. गुळात मात्र पुष्कळ काही राहून जाते. एखाद्याला हवी असलेली वस्तू त्या मळीतच असेल, तर त्याला कितीही स्वच्छ साखर दिली तरी काय उपयोग? त्याला गूळच दिला पाहिजे. यकृताचा अर्क शुद्ध करताना असेच काहीतरी बाहेर टाकले जात होते, आणि मुंबईच्या स्त्रियांचे प्राण नेमक्या त्या टाकलेल्या वस्तूत होते.

यावरून विल्सबाईंनी निष्कर्ष काढला की, यकृतात रक्त वाढविणारी दोन निरनिराळी द्रव्ये आहेत. त्यांतील एक शुद्ध अर्कात उतरते. दुसरे अशुद्ध अर्कात आणि किण्वात असते व ते आजवर कोणीही ओळखलेले नाही. १९३७ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मत पुराव्यानिशी मांडले. त्या अज्ञात द्रव्याला नाव नव्हते, म्हणून शास्त्रज्ञ त्याला विल्स घटक म्हणू लागले. जे डोळ्यांना दिसले नाही, बाटलीत भरता आले नाही, त्याचे अस्तित्व केवळ विचाराच्या बळावर सिद्ध करणे ही मोठीच गोष्ट आहे.

त्या वर्षाच्या अखेरीस विल्सबाई पुन्हा दहा आठवड्यांसाठी हाफकीन संस्थेत आल्या. या खेपेस त्या प्रथमच विमानाने निघाल्या. ते विमान पाण्यावर उतरणारे होते. इंग्लंडपासून कराचीपर्यंत, अथेन्स, अलेक्झांड्रिया, बसरा असे थांबत थांबत आणि रात्री वाटेत मुक्काम करीत त्यांनी प्रवास केला आणि तेथून पुढे त्या आगबोटीने आल्या.

विल्स घटक म्हणजे काय, हे पुढील आठ-नऊ वर्षांत उलगडले. १९४१ साली अमेरिकेतील टेक्सास येथे शास्त्रज्ञांनी सुमारे चार टन पालकाच्या पानांतून एक द्रव्य अत्यल्प प्रमाणात वेगळे केले. पानाला लॅटिन भाषेत फोलियम म्हणतात. त्यावरून त्याला फोलिक आम्ल असे नाव मिळाले. १९४५ मध्ये लेडर्ली येथील प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने बनविण्यात यश आले. तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे सुपुत्र डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच वर्षी रोग्यांवर ते वापरले गेले आणि मोठ्या पेशींचा रक्तक्षय त्याने बरा होतो असे दिसून आले. किण्वातील विल्स घटक तो हाच. दगडातील पानांच्या ठशांपासून ज्यांच्या अभ्यासाला प्रारंभ झाला होता, त्यांच्या शोधाला शेवटी पानाचेच नाव मिळाले, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. बॉस्टनच्या रोग्यांना बरे करणारे दुसरे द्रव्य १९४८ साली हाती आले. ते ब-१२ जीवनसत्त्व.

हे दोन्ही घटक मिळाल्यावाचून तांबड्या पेशी नीट दुभंगत नाहीत. फोलिक आम्लाच्या जातीचे द्रव्य पालेभाज्यांत व कडधान्यांत विपुल असते. सातारा-सांगलीच्या रानांत होणारी मेथी, चाकवत, तांदुळजा, हरभऱ्याचा पाला, कोरेगावकडचा वाघ्या घेवडा, मटकी, चवळी, भुईमुगाच्या शेंगा ही सारी त्याची भांडारे होत. मात्र फार वेळ शिजविल्याने ते नष्ट होते, आणि भाजी उकडून वरचे पाणी ओतून दिले तर त्या पाण्याबरोबर तेही जाते. ब-१२ ची गोष्ट वेगळी. ते पानांत नसते. दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून ते मिळते. दोहोंपैकी कोणत्याही एकाच्या अभावी पेशी सारख्याच मोठ्या होतात. पण ब-१२ कमी असलेल्या रोग्याला नुसते फोलिक आम्ल दिले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि मज्जातंतूंना होणारी इजा आतल्या आत वाढत राहते. म्हणून डॉक्टर आधी रक्ताची तपासणी करतात.

हिंदुस्थानात सरकारने १९७० साली गरोदर स्त्रियांना लोह आणि फोलिक आम्लाच्या गोळ्या देण्याची योजना सुरू केली. आज शाळांतून आठवड्याला एकदा जी निळी गोळी मुलामुलींना देतात, तिच्यातही लोहाबरोबर फोलिक आम्ल असते. ते असते अवघे अर्धा मिलिग्रॅम. गर्भाच्या पाठीच्या कण्यात व मेंदूत जन्मतःच राहणारे काही गंभीर दोषही, आईला गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक आम्ल दिल्याने पुष्कळ अंशी टळतात, असे १९९१ साली इंग्लंडमधील एका मोठ्या प्रयोगाने सिद्ध झाले. विल्सबाईंच्या कल्पनेतही हे नसावे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विल्सबाई लंडनमध्ये रॉयल फ्री इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करीत होत्या. जुलै १९४४ मध्ये त्या इस्पितळावर जर्मनांचा उडता बॉम्ब येऊन पडला. कित्येक माणसे मृत्युमुखी पडली. प्रयोगशाळेचे काम मात्र काही दिवसच बंद राहिले. रक्ताच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग त्या इस्पितळात विल्सबाईंनीच प्रथम उभा केला.

त्यांनी विवाह केला नाही. त्यांची राहणी साधी होती, आणि बोलणे मोजके पण परखड असे. मोठ्या पदावर असतानाही त्या सायकलवरून इस्पितळात जात. सुटी मिळाली की डोंगर चढणे आणि बर्फावरून घसरत दूरवर जाणे, हे त्यांचे छंद होते. १९४७ साली त्या निवृत्त झाल्या. पण जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका अशा दूरदूरच्या देशांत जाऊन तेथील गरीब माणसांचा आहार आणि त्यांचे रक्त यांची तपासणी त्यांनी चालूच ठेवली. आयुष्याच्या अखेरच्या दहा वर्षांत त्या लंडनच्या चेल्सी भागातून मजूर पक्षाच्या वतीने नगरसेविका म्हणून काम करीत होत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.